माल कुणाच्या हवाली?

सांगलीत भांड्यांचे एक दुकानदार आहेत. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. सांगली, मिरज आणि तासगाव अशी तीन दुकानं. शिवाय धाकट्या मुलाच्या हट्टापायी सुरू केलेली ऑनलाइन विक्री: स्टीलचे डबे, कढया, मसाल्याचे पाळे. ऑनलाइनचा माल भिवंडीतल्या एका कंपनीच्या गोदामात ठेवलेला. ऑर्डर आली की पॅकिंग तिथेच, कुरिअर तिथूनच. अण्णांनी फक्त माल तिकडे पाठवायचा आणि महिन्याला बिल चुकतं करायचं. विक्री वाढत होती आणि हातात काही उरत नव्हतं, म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. चहा यायच्या आत मी विचारलं, "अण्णा, आरटीओ किती आहे तुमचा?"

"एमएच दहा की," अण्णा म्हणाले. "सांगलीचंच पासिंग. का हो?"

धाकट्याने मान खाली घातली.

आमच्या धंद्यात आरटीओ म्हणजे 'रिटर्न टू ओरिजिन'. गिऱ्हाईकाने नको म्हटलं, दाराला कुलूप होतं, फोन लागला नाही, अशा कुठल्याही कारणाने फिरून गोदामात आलेलं पार्सल. अण्णांची शंभरातली एकतीस पार्सलं फिरत होती. जायचं भाडं अण्णांचं, यायचं भाडं अण्णांचं, परत आलेला डबा उघडून पोचा पडलाय का बघायचे आणि पुन्हा खोक्यात भरायचे पैसेही अण्णांचेच. कंपनीने फसवलं होतं म्हणावं तर तसंही नाही. करारात सगळं लिहिलेलं होतं, नवव्या पानावर. अण्णांनी पहिल्या पानावरचा दर वाचला होता आणि शेवटच्या पानावर सही केली होती.

हे पुस्तक लिहावं असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या दिवशी, मिरजेच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना.

विषय तसा साधा आहे. दुकानदाराचं खरं काम विकत घेणं आणि विकणं. या दोन्हींच्या मधे माल ठेवावा लागतो, मोजावा लागतो, उचलावा लागतो, बांधावा लागतो, नेऊन पोचवावा लागतो. हे मधलं काम दुसऱ्याला पैसे देऊन करून घेणं म्हणजे लॉजिस्टिक्सचं आउटसोर्सिंग. ते करणाऱ्याला इंग्रजीत थर्ड पार्टी म्हणतात, कागदावर 'थ्रीपीएल'. गोदामातली पोरं नुसतं 'कंपनी' म्हणतात आणि ज्याचा माल आहे त्याला 'पार्टी'. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला तिसरा कोण आणि पहिला कोण, हे आत गेल्यावर उलटंच दिसतं.

नाव नवं असलं तरी काम जुनं आहे. माझ्या वडिलांचं कराडला कापडाचं दुकान होतं. ते मुंबईला मूळजी जेठा मार्केटात जायचे, माल पसंत करायचे, आणि रिकाम्या हाताने एसटीने परत यायचे. आठवडाभराने बिल्टी यायची, मग ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून हातगाडीवर गाठी घरी. या मधल्या माणसाला त्यांच्या आधीच्या पिढीत हुंडेकरी म्हणत. ठरावीक रकमेत माल इथून उचलून तिथे पोचवायचा ठेका घेणारा. त्याच्याही मागे गेलं तर लमाणांचे तांडे भेटतात. हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून ते सैन्याच्या मागून चालत. १८०३ साली आर्थर वेलस्ली दख्खनमध्ये मराठ्यांशी लढायला उतरला तेव्हा त्याच्या फौजेचं धान्यही या तांड्यांच्या भरवशावर होतं. तांडे सगळ्याच फौजांना लागत, त्यामुळे त्यांना लुटायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नसे. मालवाहू त्रयस्थ असावा आणि तो टिकावा यात दोन्ही बाजूंचा फायदा आहे, हे तेव्हाच्या सेनापतींना उमगलेलं होतं. आजच्या काही कंपन्यांच्या खरेदी विभागाला ते पुन्हा समजावून सांगावं लागतं.

मुंबईच्या डबेवाल्यांबद्दल मात्र या पुस्तकात एक ओळही नाही. त्यांच्याबद्दल आदर आहे. पण तीच माणसं, तेच डबे, तेच रस्ते, रोज तीच वेळ, असं त्यांचं काम. दुकानदाराच्या मालाला यातलं काहीच लागू होत नाही. दिवाळीच्या आधी तो चौपट होतो आणि पितृपक्षात गोदामात झोपतो.

आता मूळ मुद्द्याकडे. आपल्याकडे दुकानदारांनी आणि कंपन्यांनी माल दुसऱ्याच्या हाती का दिला, याचं पुस्तकी उत्तर 'कार्यक्षमतेसाठी' असं असतं. मी भिवंडीत बावीस वर्षं काढली आहेत आणि माझं उत्तर वेगळं आहे. आपल्याकडचं आउटसोर्सिंग वाढलं ते करामुळे. माल कुठे ठेवायचा, किती ठिकाणी ठेवायचा, कुणाच्या नावाने ठेवायचा, हे गिऱ्हाईक कुठे आहे यावर ठरत नव्हतं. ते जकात नाक्यावर आणि विक्रीकराच्या फॉर्मवर ठरत होतं.

मुंबईत माल शिरला की महापालिकेची जकात. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द, प्रत्येक नाक्यावर ट्रकांची रांग, हातात कागद घेऊन उभे असलेले क्लीनर आणि खिडकीपाशी घुटमळणारे एजंट. ज्याला सहा महिन्यांचा माल ठेवायचा आहे तो सहा महिन्यांची जकात आधी कशाला भरेल? त्याने माल हद्दीच्या बाहेर ठेवला आणि लागेल तसा आत आणला. बाहेर म्हणजे कुठे, तर ठाण्यापुढची खाडी ओलांडून भिवंडी तालुक्यात. तिथल्या गावांना ग्रामपंचायती होत्या, महापालिकेची जकात तिथे लागू नव्हती. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली. भातखाचरं भरली, पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. यंत्रमागांचं गाव म्हणून नाव असलेला तालुका गोदामांसाठी ओळखला जाऊ लागला. ज्यांच्या आजोबांनी भात लावला त्यांच्या नातवांनी गाळ्यांचं भाडं घेतलं. कुणी जेसीबी घेतले, कुणी लेबरचा ठेका घेतला. या सगळ्यामागे कुणाचीही योजना नव्हती. जकातीने ओढलेली एक रेघ होती आणि लोक त्या रेघेच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

दुसरी रेघ राज्यांच्या सीमांवर होती. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा. शेवटच्या काळात तो २ टक्के होता आणि त्याची वजावट मिळत नसे. पण माल न विकता स्वतःच्याच डेपोत नुसता हलवला आणि 'एफ' फॉर्म जोडला, तर हा कर टळायचा. म्हणून साबण विकणाऱ्यापासून पंखे विकणाऱ्यापर्यंत प्रत्येकाने राज्याराज्यात डेपो उघडला. दरवेळी स्वतःची जागा घेणं परवडत नसे, मग तिथल्याच एखाद्या माणसाला नेमायचं. जागा त्याची, माणसं त्याची, माल कंपनीचा, बिल कंपनीच्या नावाने. कमिशन ठरलेलं. या माणसाला सीअँडएफ एजंट म्हणत. नागपूर, इंदूर, हुबळी, पणजी, जिथे पाहाल तिथे हे एजंट. त्यातल्या अनेकांनी दोन पिढ्या हाच धंदा केला आणि उत्तम केला. पण ते तिथे होते ते मुळात एका फॉर्मसाठी. गिऱ्हाईक बेळगावचं, माल कोल्हापूरच्या डेपोत पडलेला, आणि तरी तो हुबळीवरून यायचा, कारण राज्य वेगळं. कोल्हापूर ते बेळगाव अंतर किती हे कुणाला सांगायला नको.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि दोन्ही रेघा एका रात्रीत पुसल्या गेल्या. मुंबईची जकात त्याच दिवशी बंद झाली. ती रात्र मला आठवते ती शांततेसाठी. वर्षानुवर्षं मुलुंडच्या रांगेत ताटकळलेले ड्रायव्हर बाराच्या सुमाराला नाक्याजवळ आले, सवयीने गाडी हळू केली, आणि पुढे निघून गेले. एकाने नंतर मला सांगितलं की पहिले दोन दिवस आपलं काहीतरी चुकतंय असंच वाटत होतं.

त्यानंतर कंपन्यांनी डेपोंची यादी समोर घेतली आणि खोडायला सुरुवात केली. पंचवीस-तीस लहान डेपोंऐवजी पाच-सहा मोठी गोदामं. पूर्वी गाळ्यात माणसाच्या डोक्याइतकी थप्पी लागायची. आता तीस-पस्तीस फूट उंच रॅक, खाली सपाट काँक्रीट, बारा-पंधरा गाड्या एकदम लागतील असे डॉक. एवढं मोठं गोदाम एकाच कंपनीच्या मालाने भरत नाही, मग एका छपराखाली चार-पाच पार्ट्यांचा माल ठेवून चालवणारा लागतो. खऱ्या अर्थाने थ्रीपीएल धंदा आपल्याकडे मोठा झाला तो इथून पुढे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये सरकारने लॉजिस्टिक्सला पायाभूत सुविधांचा दर्जा दिला, त्यामुळे कर्ज मिळणं सोपं झालं. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीला ई-वे बिल आलं: पन्नास हजार रुपयांवरचा माल असेल तर बिलाशिवाय गाडी हलायची नाही. आता त्याची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. घाटात गाडी बंद पडली की ड्रायव्हरच्या आधी अकाउंटंटला घाम फुटतो तो यामुळे.

माझा मुद्दा एवढाच की करासाठी माल दुसऱ्याकडे ठेवायचं कारण संपलं. दुकानदाराला पहिल्यांदाच खराखुरा प्रश्न पडला आहे: हे काम मी स्वतः करू की देऊन टाकू? आणि याची सवय आपल्याला नाही. सेल्स टॅक्सचा वकील सांगेल ते करायची सवय आहे.

देशपातळीवरची आकडेवारी इथे कामाला येत नाही. भारताचा लॉजिस्टिक्स खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के आहे असं वर्षानुवर्षं प्रत्येक व्यासपीठावरून सांगितलं गेलं. पुढे एनसीएईआर या संशोधन संस्थेने नीट मोजलं तर २०२१-२२ साठी तो ७.८ ते ८.९ टक्क्यांच्या दरम्यान निघाला. जो आकडा एवढा कमी होऊनही कुणाच्या बिलात एक रुपयाचा फरक पडला नाही, तो आकडा दुकानदाराने भिंतीवर लावू नये.

त्याऐवजी एक जुनी गोष्ट सांगतो. १९९६ साली मॅकडोनल्ड्सची पहिली दुकानं दिल्लीत आणि मुंबईत उघडली. लोकांनी बर्गर पाहिला. आम्ही मागचा दरवाजा पाहत होतो. दुकानं उघडायच्या कितीतरी वर्षं आधी त्यांनी पुरवठ्याची साखळी बांधायला घेतली होती, आणि तिच्या बऱ्याच कड्या महाराष्ट्रातल्या होत्या. बर्गरमधलं आइसबर्ग लेट्यूस तळेगावच्या त्रिकाया कंपनीच्या शेतातलं, चीज बारामतीच्या डायनॅमिक्सचं, टिक्क्या तळोज्याच्या व्हिस्टाच्या. आणि हे सगळं गोळा करून, थंड ठेवून, दुकानांना पोचवायचं काम राधाकृष्ण फूडलँडकडे. त्यांचं वितरण केंद्र ठाण्याला. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीने गोदाम आणि गाड्या पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या हाती दिल्या. तेव्हा आपल्याकडे थंड साखळी म्हणजे आइसक्रीमची गाडी आणि मासळीवरचा बर्फ. गोठवलेला माल उणे १८ अंशांवर राहिला पाहिजे आणि लेट्यूस गोठता कामा नये, हे एकाच फेरीत सांभाळायचं म्हणजे गाडी नव्याने बांधून घ्यायची.

हे उदाहरण व्यवस्थापनाच्या वर्गात नेहमी देतात, आणि 'बघा, मोठ्यांनीही आउटसोर्स केलं' असा त्याचा अर्थ लावतात. मला त्यात वेगळं दिसतं. त्यांनी गाडी दिली, गोदाम दिलं, पण तापमान किती, दार किती वेळ उघडं राहील, खोकं कोणत्या क्रमाने बाहेर जाईल, हे ठरवणं दिलं नाही. नियम त्यांचे, आणि तपासणीही त्यांची. दिलं ते हाताचं काम, डोक्याचं काम घरी ठेवलं. अण्णांनी नेमकं उलटं केलं होतं. कोणता डबा किती शिल्लक आहे, कोणत्या पिनकोडवरून पार्सलं जास्त फिरतात, हे सगळं भिवंडीच्या कॉम्प्युटरमध्ये होतं आणि अण्णांनी तो पासवर्ड कधी मागितलाच नव्हता.

याच्या दुसऱ्या टोकाला डी-मार्ट. पहिलं दुकान २००२ साली पवईला. दुकानाच्या जागाही शक्यतो भाड्याने घ्यायच्या नाहीत अशी त्यांची रीत, आणि वितरण केंद्रंही त्यांची स्वतःची. जे शिकवतात की वाढायचं असेल तर मालकी सोडा, त्यांनी कुठल्याही रविवारी संध्याकाळी घोडबंदर रोडवरच्या डी-मार्टच्या रांगेत उभं राहावं. दोन्ही वाटा चालतात. चालत नाही ती न मोजता धरलेली वाट.

मोजणं म्हणजे काय ते अण्णांच्याच वहीतून दाखवतो. तिन्ही दुकानांना सांगलीच्या गोदामातून माल त्यांच्याच टेम्पोने जायचा. महिन्याला साधारण बाराशे खोकी. मी विचारलं, एका खोक्याला किती पडतं? "पंधरा-सोळा रुपये." हा झाला डिझेलचा खर्च भागिले खोकी. मग आम्ही वही उघडली. गोदाम स्वतःचं, त्याचं कसलं भाडं? पण शेजारचा तसाच गाळा सोळा हजाराने गेला होता, म्हणजे अण्णा दर महिन्याला सोळा हजार सोडत होते. दोन कामगारांचे अठ्ठावीस हजार. टेम्पोचा हप्ता, ड्रायव्हर, डिझेल मिळून चौतीस हजार. फूटतूट सहा हजार. हे झाले चौऱ्याऐंशी हजार, खोक्याला सत्तर रुपये. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मधल्या भावाचा अर्धा दिवस टेम्पोमागे जातो, तो अजून धरलाच नव्हता.

आता गंमत ऐका. त्याच भागातल्या एका कंपनीचा दर होता खोक्याला एकसष्ट रुपये. सत्तरपेक्षा नऊ रुपये कमी, म्हणजे देऊन टाकावं. धाकटा तर सही करायला पेन काढून बसला. पण दरपत्रकात खाली 'मिनिमम गॅरंटी' होती: महिन्याला दोन हजार खोकी. माल जावो न जावो, दोन हजारांचे पैसे, म्हणजे एक लाख बावीस हजार. अण्णांची खोकी बाराशेच. भागून बघा, खोकं एकशे दोन रुपयांना पडतं. दिवाळीचा महिना सोडला तर हा दर कधीच परवडणारा नव्हता. कंपनीची यात चूक नाही. तिने जागा अडवून ठेवली, माणसं बसवून ठेवली, तिला तिचे पैसे हवेत. पण एकसष्टचा आकडा ठळक अक्षरात होता आणि दोन हजारांचा बारीक.

असाच दुसरा बारीक आकडा वजनाचा. कुरिअरवाले खोक्याचं वजन दोन प्रकारे धरतात: काट्यावरचं आणि आकाराचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक जण पाच हजाराने भागतात. दोन्हींपैकी जे जास्त त्याचे पैसे. उशा विकणाऱ्या एका बाईंचं खोकं साठ बाय चाळीस बाय चाळीस होतं. काट्यावर तीन किलो, बिलात १९.२ किलो. त्यांनी उशी हवा काढून गुंडाळायला सुरुवात केली आणि भाडं उतरलं. कुरिअर बदलायची गरजच पडली नाही. पुस्तकातलं पॅकिंगचं प्रकरण सगळ्यात लांब झालं आहे ते यासाठी. वाचताना कंटाळा आला तर तिथेच येईल, पण पैसेही तिथेच आहेत.

करार मात्र वाईट दिवस डोळ्यांपुढे ठेवून करायचा असतो. २०१४ च्या दिवाळीआधीची एक रात्र सांगतो. मी तेव्हा पूर्णा गावातल्या एका गोदामात पाळीचा इनचार्ज होतो. पाऊस लांबलेला. रात्री अडीचला गुजरातेतून मिठाईच्या डब्यांची गाडी लागली, ताडपत्री मागच्या बाजूला फाटलेली. मुकादम म्हणाला, पटकन खाली करू, मागे सहा गाड्या उभ्या आहेत. मी नवा नव्हतो, पण दमलेलो होतो. 'माल मिळाला' म्हणून पोच सही करून दिली. सकाळी थप्पी हलवली तर खालच्या चाळीस पेट्या ओल्या. पार्टी आमच्यावर, आम्ही ट्रान्सपोर्टवर, आणि ट्रान्सपोर्टवाल्याने शांतपणे माझ्या सहीची पोच पुढे केली. तिच्यावर 'चाळीस पेट्या ओल्या' एवढे तीन शब्द लिहिले असते तर प्रश्न नव्हता. ते नुकसान आम्ही सोसलं. पुढे दोन वर्षं माझ्या टेबलाच्या काचेखाली ती पोच होती.

याची कायदेशीर बाजू थोडक्यात. रस्त्यावरच्या मालवाहतुकीला २००७ चा कायदा लागू आहे. माल हरवला किंवा खराब झाला तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर दावाच उभा राहत नाही. आणि जास्तीची जोखीम आधी जाहीर करून तिचे पैसे भरलेले नसतील, तर वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंतच. आठशे रुपये भाड्यात चार लाखांचा माल पाठवणाऱ्याने यातली वजाबाकी स्वतः करावी. विमा ही चैन आहे असं मानणारे दुकानदार मला अजूनही भेटतात. भिवंडीत गोदामाला आग लागल्याची बातमी वर्षातून किती वेळा वाचतो ते त्यांनी आठवावं, आणि आपला माल ज्या गाळ्यात आहे त्या गाळ्याचा नंबर पॉलिसीत आहे का ते बघावं. पॉलिसीत गाळा सात आणि माल हलवला बारामध्ये, असं फार होतं.

आता एक अवघड विषय, ज्याच्यावर या धंद्यातली पुस्तकं सहसा गप्प असतात. खोक्यामागे नऊ रुपये वाचतात ते कुठून वाचतात? काही गाडी भरून गेल्यामुळे वाचतात, काही रॅक उंच केल्यामुळे. आणि काही माणसाच्या पाठीतून. महाराष्ट्रात यासाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र करून लढा दिला त्यातून तो उभा राहिला. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या माणसाची मंडळाकडे नोंद, मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरायची, त्यातून भविष्यनिधी, बोनस, दवाखाना. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हीच लढाई वेगळ्या रीतीने लढली. आज गोदाममालक कुरकुर करतात की माथाडीच्या नावाखाली भलतेच लोक दारात येऊन उभे राहतात, काम न करता पैसे मागतात. ते खोटं नाही, मी स्वतः अनुभवलं आहे. माल चढवण्या-उतरवण्याची वाराई म्हणून ड्रायव्हरच्या खिशातून जे जातं तेही कुणापासून लपलेलं नाही. पण त्याच गोदामांत बारा बारा तास उभं राहून हातातल्या स्कॅनरने खोकी टिपणारी मुलं-मुली आहेत, ज्यांच्या डोक्यावर ओझं नाही म्हणून ती माथाडी नाहीत, आणि ठेकेदार दर अकरा महिन्यांनी बदलतो म्हणून ती कायमही नाहीत. माझं मत विचाराल तर दर ठरवताना कंपनीला एवढं जरूर विचारा की यात मजुरी किती धरली आहे. उत्तर किमान वेतनाच्या खाली जात असेल तर तो दर टिकत नाही. ऐन दिवाळीत माणसं निघून जातात, आणि माल तुमचा अडकतो.

भिवंडीबद्दल लिहायचं तर वेगळं पुस्तक लागेल. या पुस्तकात तिच्यावर एकच प्रकरण आहे आणि ते माझ्या आवडीने थोडं लांबलं आहे. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. नागपूरहून सातशे एक किलोमीटर धावून तो जिथे संपतो ते आमणे भिवंडी तालुक्यातलंच. विदर्भातून गाडी आठ-दहा तासांत आमण्याला येते आणि मग माणकोलीच्या आसपास पुढचे थोडे किलोमीटर कापायला कधी दीड तास घेते. ज्यांना वाटतं की रस्ता झाला म्हणजे वाहतुकीचा प्रश्न सुटला, त्यांनी एकदा माणकोली नाक्यावर संध्याकाळी सहा वाजता यावं. चहा माझ्याकडून.

शहरातल्या दहा मिनिटांत घरपोच किराण्याविषयी मी फार थोडं लिहिलं आहे. तो धंदा अजून स्थिर झालेला नाही. आज लिहिलेलं छापून येईपर्यंत शिळं होईल. शेतमाल आणि निर्यात हे विषयही सोडले आहेत. न्हावा-शेवा बंदराभोवतीचं जग वेगळं आहे, त्याची भाषाही वेगळी. पुस्तक आहे ते दोन ते वीस दुकानं असलेल्या, किंवा एका दुकानातून ऑनलाइन विकायला लागलेल्या माणसासाठी. मोठ्या साखळ्यांकडे सल्लागार असतात. यांच्याकडे मेहुणा असतो.

शब्दांविषयी एक खुलासा. मी 'पुरवठा साखळी व्यवस्थापन' असं लिहिलं असतं तर गोदामातल्या माझ्याच माणसांनी ते पान उलटून टाकलं असतं. म्हणून गाडी 'लागते' आणि 'खाली होते', माल 'तुटीत' जातो, डबा 'पोचतो', छोटा हत्ती छोटाच हत्ती राहतो. जिथे इंग्रजी शब्द सगळ्यांच्या तोंडात आहे तिथे तोच ठेवला.

राहता राहिले अण्णा. त्यांनी ऑनलाइनचं काम भिवंडीहून काढलं नाही, पण नवा करार केला. फिरलेल्या पार्सलाचं भाडं कधी कुणी द्यायचं हे आता पहिल्या पानावर आहे, आणि रोख पैसे देऊन घेणाऱ्या गिऱ्हाईकाला माल निघण्याआधी धाकटा स्वतः फोन करतो. गेल्या महिन्यात अण्णांचा फोन आला. म्हणाले, "सर, जरा आरटीओचं विचारायचं होतं." मी वही ओढली, पेन घेतलं, म्हटलं, "किती परत आली या वेळी?"

"नाही ओ," अण्णा म्हणाले. "खरं आरटीओ. टेम्पोचं फिटनेस संपलंय, तुमची कुणाची ओळख हाय का तिथं?"